पणजोबांचे काम आणि नातवाचा प्रश्न
जुन्या कामधंद्यांची ओळख मुलांना कशी करून द्यावी?

जालना, (प्रतिनिधी) : मोट म्हणजे काय, असे आज जालना जिल्ह्यातील चौथीतल्या मुलाला विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. त्याच्या पणजोबांना मात्र मोटेवाचून मळा भिजविता येत नव्हता. एवढा बदल अवघ्या तीन-चार पिढ्यांत झाला. तो मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. पण सांगताना त्याची एकच बाजू सांगून चालणार नाही.

इंग्लंडमधील शाळांत व्हिक्टोरिया राणीच्या काळातील, म्हणजे १८३७ ते १९०१ या वर्षांतील कामधंदे मुलांना शिकविले जातात. धुराडी साफ करण्यासाठी आत चढविली जाणारी लहान मुले आणि खाणीत राबणारी बालके त्या धड्यात भेटतात. खाणीत जमिनीखाली काम करण्यास सर्व स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलांना तेथे १८४२ च्या कायद्याने बंदी झाली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१ चा कारखाना कायदा आला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास मनाई केली. पण सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तास काम घेण्यास मुभा ठेवली. आपल्याकडे असा धडा शिकवायचा, तर साहित्य गावातच आहे.

चार प्रश्न

कोणतेही जुने काम मुलांसमोर ठेवताना चार प्रश्न विचारावेत. हे काम कोण करीत असे? कोणत्या साधनाने? त्याबद्दल त्याला काय मिळे? आणि ते काम नाकारण्याची मुभा त्याला होती काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आजी-आजोबा आनंदाने देतात. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि खरा बदल त्याच प्रश्नात आहे.

मोटेचेच उदाहरण घ्या. चाक सुताराने करावे, लोखंडी कडी लोहाराने, चामड्याची मोट चर्मकाराने शिवावी, नाडा दोरखंड वळणाऱ्याने द्यावा. बैल धावेवरून उतरले की मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई. पुढे डिझेल इंजिन आले, मग विजेचा पंप आला. आज जालन्याजवळच्या कडवंची गावात शेततळी आणि ठिबक संचावर द्राक्षबागा उभ्या आहेत. मोटेबरोबर तिच्याभोवतीच्या कारागिरांचे कामही गेले. त्याच्या जागी पंप दुरुस्त करणारा आणि ठिबकच्या नळ्या जोडणारा आला.

बलुत्याची दुसरी बाजू

या कारागिरांना कामाचे दाम रोख मिळत नसत. सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा मिळे, तेच बलुते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, चांभार, महार, मांग अशी बलुतेदारांची यादी सांगितली जाते; प्रदेशानुसार ती थोडीफार बदलते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे.

या यादीत घरातील स्त्रियांचे नाव नाही. माती मळणारी कुंभारीण, घाटावर राबणारी परटीण आणि पहाटे जात्यावर दळणारी प्रत्येक घरची गृहिणी यांच्या कामाची नोंद कोणी ठेवली नाही. पिठाच्या गिरणीने किती कष्ट वाचविले, हे मुलांनी आजीलाच विचारावे.

गाव एकमेकांच्या आधाराने चाले, हे खरे. पण सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे, हेही ठरलेले होते. ज्यांच्या वाट्याला मेलेली जनावरे ओढणे, सांगावे पोचविणे अशी कामे होती, त्यांना नकाराची सोय नव्हती. वर अस्पृश्यतेचा अपमान होता. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि तेथे वेठबिगारीची रीत होती. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने सतराव्या कलमान्वये अस्पृश्यता नष्ट केली, तेविसाव्या कलमान्वये वेठबिगारीस बंदी घातली आणि एकोणिसाव्या कलमान्वये कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले. पंपाने मोट घालविली, तशी या कलमांनी जन्मावरून काम ठरविण्याची सक्ती बेकायदा ठरविली. मुलांना दोन्ही बदल सांगितले पाहिजेत.

म्हणूनच वर्गात ‘तुमच्या घराण्याचा धंदा कोणता?’ असा प्रकल्प देऊ नये. त्या प्रश्नाने मुलाची जात चारचौघांत उघडी पडते. त्याऐवजी गावातील कोणाही वृद्धाला भेटून एका अवजाराची माहिती आणण्यास सांगावे. माहिती तीच मिळते, कोणाचेही मन दुखावत नाही.

नवी कामे, जुना प्रश्न

१९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी शहराची ओळख बदलली. संकरित कापसाच्या बियाण्यासाठी सायंकाळी कळीतील पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परागकण लावायचे, हे नाजूक काम हातानेच होते. ते पणजोबांच्या काळी नव्हतेच. येथे धान्याच्या वाट्याऐवजी मजुरी असते. ती पुरेशी आहे का, हे तिसऱ्या प्रश्नाने तपासता येते.

चौथा प्रश्नही अजून सुटलेला नाही. दरवर्षी पावसाळा सरला की जिल्ह्यातील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. पती-पत्नीच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. सोबत गेलेली मुले फडात धाकट्या भावंडांना सांभाळतात आणि त्यांची शाळा बुडते. मुलांना गावीच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. तिचा लाभ वेळेवर मिळाला, तरच वर्गातील जागा रिकामी राहत नाही.

सहा ते चौदा वयोगटातील प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. जुन्या कामधंद्यांचा धडा शिकविताना हिवाळ्यात वर्गातून कोण गेले आहे, याची नोंद शिक्षकांनी घ्यावी. पणजोबांना काम निवडता आले नाही, हे सांगून धडा संपत नाही; या मुलाला ते निवडता येईल का, हे पाहणे शाळेच्या आणि गावाच्या हाती आहे.