पांढऱ्या कोटाआधी
रायपूरचं पं. जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३चं, तिथल्याच एम्समधले एमबीबीएसचे वर्ग २०१२पासूनचे. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना त्यांच्याहून कितीतरी जुनी. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९०८ची. तिची विद्यार्थी शाखा, स्टुडंट नर्सेस असोसिएशन, १९२९ची. कॉलेजात तिचं युनिट, मार्गदर्शक शिक्षक, कामांची नोंदवही. स्पर्धांचे करंडक मिरवायला ठीक. खरं शिक्षण वस्तीत. एक लिटर पाण्यात ओआरएसचं अख्खं पाकीट, अर्धं नाही, हे आजीबाईंना पटवून दाखवा!

इतर शाखांच्या मुलांसाठी १९६९पासूनची राष्ट्रीय सेवा योजना आहेच: दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. प्रमाणपत्रापुरते येणारे तिथेही असतात, पण रक्तदान शिबिरात राबणारे हातही तिथलेच.