परमुलखात कार्डाने पैसे कसे काढावे

पूर्वी लांबच्या प्रवासाला निघताना माणसे पैशाची पिशवी कमरेला बांधीत. तिच्यावर हात ठेवूनच झोपत. आता बँकेचे कार्ड आले आहे. पण कार्ड म्हणजे पैशाची पिशवी नव्हे. कार्डात पैसा नसतो. पैसा आपल्या गावच्या बँकेत, आपल्या खात्यात असतो. कार्ड ही त्याची किल्ली. ही किल्ली परदेशातही चालते. मात्र ती कशी चालवायची, हे आपल्याला माहीत हवे.

रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी माणसे दुबई, मस्कत, कुवेत येथे कामाला आहेत. तिकडचेच एक काका मुलाकडे दुबईला गेले. त्यांना नातू झाला होता. आंबा विकून आलेले पैसे खात्यात होते. त्या पैशातून नातवाला चांदीचे वाळे घ्यावेत, अशी काकांची इच्छा. मुलगा म्हणाला, "बाबा, मी देतो की पैसे." काका म्हणाले, "नको रे. आजोबाचं देणं आजोबाच्याच घामाचं हवं."

दोघे एटीएमपाशी गेले. काकांनी कार्ड घातले. यंत्राने पैसे दिले नाहीत. खात्यात पैसे, आणि हात रिकामा! काकांचा चेहरा उतरला.

असे का झाले? रिझर्व्ह बँकेचा एक नियम आहे. २०२० सालापासून नवे कार्ड फक्त आपल्या देशापुरते चालू करून मिळते. परदेशात ते चालावे असे वाटत असेल, तर आपण बँकेला तसे सांगावे लागते. हा नियम आपल्या भल्याचाच आहे. कार्ड चोरीला गेले, तरी चोराला परदेशातून पैसे काढता येत नाहीत. शिवाय काही कार्डे मुळातच फक्त भारतात चालतात. म्हणून निघण्यापूर्वी बँकेत जावे आणि विचारावे, "साहेब, मी अमुक देशात चाललो आहे. हे कार्ड तिथे चालेल का? दिवसाला किती पैसे निघतील? खर्च किती लागेल?"

काकांचे कार्ड परदेशात चालण्याजोगे होते. मुलाने बँकेच्या मोबाइल ॲपमधून ते काकांसमक्ष चालू केले. काका पुन्हा यंत्रापाशी गेले. आता यंत्राने एक प्रश्न विचारला. पैसे दिरहममध्ये धरू की रुपयांत?

दिरहम हे तिथले नाणे. रुपया आपला, म्हणून काकांचे बोट रुपयाकडे वळले. मुलाने हात धरला. "बाबा, थांबा!" रुपया निवडला, तर भाव त्या यंत्रवाल्याचा लागतो. तो बहुधा महाग पडतो. दिरहम निवडला, तर भाव आपल्या कार्डाच्या व्यवस्थेप्रमाणे लागतो. तो बहुधा स्वस्त पडतो. हे ध्यानात ठेवा. ज्या देशात उभे आहात, त्या देशाचेच नाणे निवडा.

आता खर्चाचा हिशेब पाहू. परदेशात पैसे काढले की बँक दोन प्रकारे पैसे कापते. एक, दर खेपेची ठरलेली रक्कम. दुसरे, नाणे बदलण्याचे शेकडा काही. समजा, एक दिरहम म्हणजे २५ रुपये. दर खेपेला १५० रुपये कापले जातात, आणि शेकडा साडेतीन. काकांनी ५०० दिरहम एकदम काढले, तर १२,५०० रुपये झाले. त्यावर शेकडा साडेतीनप्रमाणे ४३७ रुपये ५० पैसे. त्यात १५० मिळवले, की खर्च ५८७ रुपये ५० पैसे. तेच पैसे १००-१०० करून पाच खेपांत काढले, तर खेपेचेच ७५० रुपये गेले. एकूण खर्च ११८७ रुपये ५० पैसे. म्हणजे ६०० रुपये फुकट गेले! यावर करही लागतो, तो वेगळाच. म्हणून लागेल तेवढे एकदम काढावे. पण फार रोकड जवळ बाळगू नये.

काका यंत्रापाशी उभे असता एक अनोळखी माणूस जवळ आला. गोड बोलून म्हणाला, "चाचा, लाइए, मैं निकाल देता हूँ." काकांनी मान हलवली आणि कार्ड मुठीत घट्ट धरले. काकांनी केले ते अगदी बरोबर. कार्ड परक्याच्या हाती देऊ नये. पिन म्हणजे गुप्त आकडा. तो कोणालाही सांगू नये. फोनवर कोणी "मी बँकेतून बोलतो" म्हणाले तरी सांगू नये. बँक पिन कधीच विचारत नाही. आकडा दाबताना दुसऱ्या हाताने झाकावा. तो कार्डावर लिहून ठेवू नये.

यंत्राने कार्ड गिळले किंवा ते हरवले, तर रडत बसू नये. लगेच आपल्या बँकेला फोन करून कार्ड बंद करायला सांगावे. उशीर झाला की नुकसान वाढते. त्यासाठी बँकेचा फोन नंबर कागदावर लिहून कार्डापासून वेगळा ठेवावा. परदेशातून फोन करताना आधी भारताचा ९१ हा आकडा लावावा लागतो. कधी पैसे हाती येत नाहीत, पण खात्यातून कापले जातात. अशा वेळी पावती जपून ठेवावी आणि आपल्या बँकेकडे तक्रार करावी. कार्डावरच सगळी भिस्त ठेवू नये. थोडी रोकड सोबत असू द्यावी.

काकांना पैसे मिळाले. वाळे आले. नातवाच्या पायात ते वाजू लागले. गावी परतल्यावर काका आधी बँकेत गेले. पासबुकात नोंद करून घेतली आणि पावत्यांशी ताडून पाहिली. मग म्हणाले, "साहेब, माझं कार्ड परदेशासाठी पुन्हा बंद करा. काम झालं."

मंडळी, दार उघडायला किल्ली लागते, तशी ते बंद करायलाही लागते. पैसा आपल्या कष्टाचा आहे. त्याची किल्ली आपल्याच हाती राहू द्या.