जाहिराती गाळणारी पेटी

मंडळी जेवणं उरकून टीव्हीपुढं बसतात. मालिका ऐन रंगात येते आणि नेमकी साबणाची जाहिरात लागते! मग घरधनी गोठ्यात वैरण टाकून येतो, सूनबाई उद्याची मटकी भिजत घालते. या जाहिराती आपोआप गाळणारी पेटी मिळाली तर? अमेरिकेत ती निघाली, आणि तिच्यापायी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले.

मूळ भांडण टेपचं. घरी सवडीनं पाहण्यासाठी कार्यक्रम टेपवर उतरवणं बेकायदा नाही, असा निकाल तिथल्या सुप्रीम कोर्टानं १९८४ साली दिला. तोही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी. तरी जाहिरात आली की बटण दाबून टेप पुढं पळवावी लागे. २००१ साली 'रीप्लेटीव्ही'च्या नव्या यंत्रानं तेही काम आपल्या अंगावर घेतलं. वाहिन्या लगेच कोर्टात गेल्या. निकाल लागायच्या आत, २००३ साली कंपनीचंच दिवाळं वाजलं. नव्या मालकानं पुढच्या यंत्रातून ती सोय काढून टाकली.

त्याच सुमारास एका मोठ्या वाहिनीसमूहाचे प्रमुख जेमी केल्नर म्हणाले की, जाहिरात चुकवणं ही चोरीच. लघवीला उठणाऱ्याला मात्र त्यांनी थोडी सूट दिली होती!

२०१२ साली 'डिश' कंपनीनं 'ऑटोहॉप' आणलं. तिच्या पेटीत चार मोठ्या वाहिन्यांचे रात्रीचे कार्यक्रम आपोआप साठत आणि दुसऱ्या दिवशी बिनजाहिरातीचे पाहता येत. यातली गंमत ऐका. जाहिरात कुठं सुरू होते, कुठं संपते, हे यंत्र ओळखत नव्हतं. वायोमिंग राज्यातल्या शायेन गावी कंपनीची माणसं रोज रात्री कार्यक्रम पाहून खुणा करत. लाखो लोकांची जाहिरात चुकावी म्हणून कुणीतरी रात्रपाळी करून ती डोळ्यांखालून घालत होतं.

'फॉक्स' वाहिनीनं दावा लावला. २०१३ साली अपील कोर्टानं पेटीवर बंदी घालायला नकार दिला. कार्यक्रम फॉक्सचा असेल, पण जाहिरातीवर तिचा मालकी हक्क नाही; मग ती गाळल्यानं फॉक्सचा हक्क कसा मोडला? वकिली मुद्दा, पण बिनतोड. तरी शेवट तडजोडीनंच झाला. एबीसीचे कार्यक्रम तीन दिवस, सीबीएस आणि फॉक्सचे सात दिवस जाहिरातींसकटच पाहायचे, असं ठरलं.

वाहिन्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. नटांचा, कॅमेऱ्याचा, बातमीदाराचा पगार जाहिरातीतूनच निघतो. तो आटला तर खर्च दुसरीकडून काढायचा. मग नायिकेच्या हातात कंपनीचीच चहाची पुडी येते, किंवा महिन्याची वर्गणी वाढते. मला खटकतं ते हे, की पैसेवाला पेटी घेऊन जाहिरात चुकवतो आणि नुसत्या अँटेनावर पाहणारा गरीब ती सगळी सोसतो. म्हणजे पैसेवाल्याच्या करमणुकीचा भार काही अंशी त्याच्याच डोक्यावर!

आपल्याकडं खेड्यापाड्यांत अनेक घरांवर 'डीडी फ्री डिश'ची छत्री आहे. तिला महिन्याची वर्गणी नाही. तिच्यावर जागा मिळवायला खाजगी वाहिन्या लिलावात पैसे मोजतात, आणि ते साबण, बियाणं, खतांच्या जाहिरातींतून वसूल करतात. आमच्या शेजारच्या आजींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग येऊ देत बापड्या. तेवढ्यात माझी दशमी भाजून होते."