मुलांचें मोडलेलें बोट

वाऱ्यानें दार आदळतें आणि लहान मुलाचें बोट त्यांत सांपडतें. चेंडू झेलतांना एखाद्या मोठ्या मुलाचें बोट वांकडें होतें. घटकाभर रडारड होते, थंड पाण्याची पट्टी ठेवली जाते, आणि बोट हलतें आहे एवढें पाहून घरचीं माणसें निश्चिंत होतात. परंतु बोट हललें म्हणजे हाड शाबूत, हा समज खरा नव्हे. मोडलेलें बोटहि पुष्कळदां हलतें.

मुलांच्या हाडांना निसर्गानें एक मोठी देणगी दिली आहे. बोटाच्या प्रत्येक पेराच्या हाडांत, तळव्याकडील टोकापाशीं, कूर्चेची एक पातळ चकती असते. हाड लांबीनें वाढतें तें येथेंच. मुलींत साधारण १४-१५ व्या आणि मुलांत १६-१७ व्या वर्षापर्यंत ही चकती हाडांत मिसळून जाते. तोंपर्यंत, चकतीजवळ मोडलेलें हाड थोडें पुढेंमागें कललें असलें, तरी वाढतां वाढतां तें बरेंचसें सरळ होतें. म्हणूनच अशा बहुतेक अस्थिभंगांना शस्त्रक्रिया लागत नाहीं. क्ष-किरणांचें चित्र पाहून डॉक्टर तें बोट शेजारच्या बोटाशीं बांधतात किंवा फळी लावतात, आणि ३-४ आठवड्यांत काम भागतें.

या देणगीला मर्यादा मात्र आहेत. हाडाचा तुकडा स्वतःभोंवतीं पिळला गेला, तर वाढ तो पीळ काढीत नाहीं. पेराच्या पुढच्या टोकाजवळची मान मोडली, तर चकती दुसऱ्या टोकाला राहिल्यामुळें दुरुस्ती थोडीच होते. सांध्याचा पृष्ठभाग फुटून त्यांत पायरी पडली, तर सांधा पुढें अडखळतो. अशा वेळीं तुकडे जागेवर बसवून ते तेथेंच ठेवण्यासाठीं पोलादी तारेचा उपयोग करतात. जर्मन शल्यविशारद मार्टिन किर्शनर यांनीं १९०९ सालीं प्रचारांत आणलेली ही तार आजहि त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

लहान मुलाला यासाठीं पूर्ण भूल देतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत हाड हातानें बसवितात आणि सुमारें १ मिलिमीटर जाडीची तार कातडीतून हाडांत फिरवीत नेतात. पुष्कळदां कापावें लागतच नाहीं. तार बारीक व गुळगुळीत असल्यामुळें चकतीतून न्यावी लागली तरी वाढीला सहसा अपाय होत नाहीं. तिचें टोक बाहेर ठेवून वर फळी किंवा प्लॅस्टर बांधतात. ३ ते ४ आठवड्यांनीं हाड जुळलें कीं ती दवाखान्यांतच ओढून काढतात. तोंपर्यंत बंधन कोरडें ठेवावें. लाली, पू, ताप किंवा वाढती वेदना दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

मुलांचें हाड लवकर जुळतें; पण उशीर केल्यास हाच गुण दोष ठरतो. आठवडा-दहा दिवसांत हाड वांकड्या स्थितींतच धरूं लागतें, आणि जें काम हातानें झालें असतें त्यासाठीं मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

घरच्या माणसांनीं दोन खुणा ध्यानांत ठेवाव्या. मुलाला हळूच मूठ मिटावयास सांगावें; दुखत असल्यास अर्धी मूठहि पुरते. निरोगी हाताचीं चारहि बोटें अंगठ्याच्या मुळाकडे झुकतात. एक बोट दुसऱ्यावर चढलें, तर हाडांत पीळ आहे असें समजावें. दुसऱ्या हाताशीं ताडून पाहिल्यास फरक लगेच कळतो. दुसरी खूण नखाची. नख मुळाशीं उचकटून कातडीवर आलें असेल आणि बोटाचें टोक खालीं लवलें असेल, तर ती केवळ नखाची इजा नव्हे. आंतलें हाड चकतीपाशीं मोडून जखम थेट हाडापर्यंत गेलेली असूं शकते. सीमूर यांनीं १९६६ सालीं वर्णिलेली ही दुखापत धुऊन साफ न केल्यास हाड पिकतें.

ज्या हाताला पुढें साठ-सत्तर वर्षें लिहावयाचें, शिवावयाचें, वाद्य वाजवावयाचें आहे, त्याची मूठ एकदां मिटवून पाहण्यास पळभरहि लागत नाहीं.