टेनेसी विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेनेसी राज्याच्या नॉक्सव्हिल येथील विद्यापीठाचा विख्यात क्रीडासंघ. ‘लेडी व्हॉलंटिअर्स’ व संक्षेपाने ‘लेडी व्हॉल्स’ या नावांनी तो ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकातील युद्धांत टेनेसीतून मोठ्या संख्येने स्वेच्छासैनिक पुढे आले. त्यावरून त्या राज्यास ‘स्वेच्छासैनिकांचे राज्य’ असे टोपणनाव मिळाले आणि तेच पुढे विद्यापीठाच्या संघांनी उचलले. १९८७ ते २००८ या काळात या संघाने आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. महिलांच्या विद्यापीठीय खेळाचे स्वरूप कसे असावे आणि त्यावर नियंत्रण कोणाचे असावे, हा प्रश्न अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षे वादाचा ठरला. त्या वादाची बहुतेक सर्व वळणे या एका संघाच्या इतिहासात पहावयास मिळतात.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचा खेळ शोधून काढला. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ महाविद्यालयातील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला. सतत धावण्याचा ताण स्त्रियांच्या प्रकृतीस मानवणार नाही, अशी त्या काळची समजूत होती. त्यामुळे बेरेन्सन यांनी क्रीडांगणाचे तीन भाग पाडले. खेळाडूंनी आपापल्या भागातच रहावे, दुसरीच्या हातातील चेंडू हिसकावू नये व तो फार वेळ धरून ठेवू नये, असे नियम केले. ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या मुलींचा पहिला आंतरविद्यापीठीय सामना सॅन फ्रॅन्सिस्को येथे झाला. तो स्टॅनफर्डने २–१ असा जिंकला. पुरुष प्रेक्षकांना तेथे प्रवेश नव्हता.

टेनेसी विद्यापीठात मुलींचा संघ १९०३ मध्ये तयार झाला. जवळपासच्या महाविद्यालयांशी त्याचे सामने होत. परंतु १९२० च्या दशकात तो बंद पडला. ही घटना एकट्या टेनेसीपुरती नव्हती. १९२३ मध्ये लू हेन्री हूव्हर यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय हौशी क्रीडा महासंघाचा महिला विभाग स्थापन झाला आणि त्याने मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांस विरोध केला. विशेष म्हणजे या विरोधाचे नेतृत्व शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिकांकडेच होते. पुरुषांच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये शिरलेला पैसा, तिकीटविक्री आणि अभ्यासाची हेळसांड त्यांनी पाहिली होती. मुलींचा खेळ त्यापासून दूर रहावा, हा त्यांचा हेतू होता. हेतू चांगला असला, तरी परिणाम व्हावयाचा तो झाला. स्पर्धांऐवजी निरनिराळ्या महाविद्यालयांच्या मुलींनी मिश्र गट करून खेळण्याचे ‘क्रीडादिन’ सुरू झाले आणि दोन पिढ्यांतील गुणी खेळाडूंना विद्यापीठात वाव उरला नाही.

टेनेसीत मात्र खेळ मेला नाही. तो विद्यापीठाबाहेर जगला. खेड्यापाड्यांतील शाळांत मुलींचे सामने गर्दी खेचीत. नॅशव्हिल बिझनेस कॉलेजच्या संघाने हौशी खेळाडूंच्या राष्ट्रीय स्पर्धेत एकूण अकरा अजिंक्यपदे मिळविली. त्यांपैकी आठ १९६२ ते १९६९ अशी लागोपाठची होती. त्या संघातील नेरा व्हाइट या टेनेसीच्याच कन्येची गणना जगातील श्रेष्ठ खेळाडूंत होते.

विद्यापीठातील संघ १९६० मध्ये पुन्हा उभा राहिला, तो शारीरिक शिक्षण विभागाचा एक उपक्रम म्हणून. १९७१ मध्ये महाविद्यालयीन महिलांच्या खेळासाठी पाच खेळाडू व पूर्ण क्रीडांगण हे नियम स्वीकारण्यात आले. त्याच वर्षी स्त्रियांनीच चालविलेली महिला आंतरमहाविद्यालयीन क्रीडा संघटना स्थापन झाली. पुढच्या वर्षी, २३ जून १९७२ रोजी, शिक्षण सुधारणा अधिनियमावर स्वाक्षरी झाली. त्यातील ‘टायटल नाइन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नवव्या प्रकरणान्वये संघराज्य शासनाचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदावर आधारलेल्या वागणुकीस मनाई झाली. या प्रकरणाच्या मूळ शब्दांत खेळांचा उल्लेखही नव्हता. तथापि त्याचा सर्वांत दृश्य परिणाम खेळांच्याच क्षेत्रात झाला.

अशा वेळी, १९७४ मध्ये, पॅट हेड (विवाहानंतर पॅट समिट) या बावीस वर्षांच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीकडे संघाचे प्रशिक्षण आले. आधीच्या प्रशिक्षिका रजेवर गेल्यामुळे ही जागा अनपेक्षितपणे रिकामी झाली होती. समिट यांचा जन्म १४ जून १९५२ रोजी टेनेसीतील क्लार्क्सव्हिल येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. गावच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी बिऱ्हाड शेजारच्या परगण्यात हलविले होते. नॉक्सव्हिल येथे त्यांना महिन्याला २५० डॉलर मिळत. खेळाडूंचे गणवेश धुणे व प्रवासात गाडी हाकणे ही कामेही त्यांच्याकडेच होती. गणवेशांचे पैसे आदल्या वर्षी डोनट विकून उभे केलेले होते. पहिला सामना मर्सर विद्यापीठाने ८४–८३ असा एका गुणाने जिंकला. याच काळात समिट स्वतःचे पदव्युत्तर शिक्षण, अध्यापन आणि गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून सावरून ऑलिंपिकची तयारी, हे सर्व एकदम करीत होत्या. महिलांच्या बास्केटबॉलचा ऑलिंपिकमध्ये समावेश प्रथम १९७६ मध्ये माँट्रिऑल येथे झाला. तेथे रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकी संघाच्या त्या सहकर्णधार होत्या. पुढे १९८४ मध्ये लॉस अँजेल्स येथे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिलांनी या खेळातील पहिले सुवर्णपदक मिळविले.

विद्यापीठात पाच जणींचा खेळ रूढ झाला, तरी टेनेसीच्या शाळांत सहा जणींचा जुना खेळ चालूच होता. त्यात तीन खेळाडू केवळ बचाव करीत व तीन केवळ गुण मिळवीत. मध्यरेषा ओलांडण्यास कोणालाही मुभा नव्हती. बचावाच्या बाजूस राहिलेल्या मुलीने शालेय जीवनात एकदाही टोपलीकडे चेंडू फेकलेला नसे. साहजिकच विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या तिच्या वाट्यास येणे कठीण होते. याविरुद्ध १९७६ मध्ये ओक रिज येथील एका विद्यार्थिनीने शालेय क्रीडा संघटनेवर संघराज्य न्यायालयात दावा लावला. पहिला निकाल तिच्या बाजूने लागला. अपील न्यायालयाने तो फिरविला. तरीही १९७९ मध्ये संघटनेने स्वतःच नियम बदलला. या बदलासाठी समिट यांनी आपले वजन खर्च केले होते. जुन्या खेळाचे चाहते त्यांच्यावर बराच काळ नाराज होते.

विद्यापीठाने १९७६ मध्ये महिलांचा स्वतंत्र क्रीडाविभाग स्थापन केला. त्याचा अर्थसंकल्प, कर्मचारी आणि संचालिका ही सर्व पुरुषांच्या विभागापासून वेगळी होती. १९८३ पासून जोन क्रोनन या त्याच्या संचालिका होत्या. १९६८–७० या काळात त्यांनीच बास्केटबॉल संघास प्रशिक्षण दिले होते. राष्ट्रीय पातळीवर मात्र याच्या उलट घडत होते. पुरुषांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने टायटल नाइनला आरंभी कडवा विरोध केला. महिलांचा खेळ लोकप्रिय होऊ लागताच तिने १९८१–८२ पासून स्वतःच महिलांची अजिंक्यपदे सुरू केली. प्रवासखर्च देऊ शकणाऱ्या व दूरचित्रवाणीचे करार हाताशी असलेल्या या संस्थेपुढे महिला संघटनेचा टिकाव लागला नाही. तिने न्यायालयात दादही मागितली. पण दावा फेटाळला गेला आणि संघटना विसर्जित झाली. स्त्रियांना खेळासाठी पैसा व प्रसिद्धी मिळाली, परंतु खेळाची सूत्रे त्यांच्या हातून गेली. १९७२ मध्ये महिलांच्या महाविद्यालयीन संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना स्त्री प्रशिक्षक होत्या. २०१४ मध्ये हे प्रमाण सु. ४३ टक्क्यांवर आले होते. जागा पगाराच्या होताच पुरुष त्यांकडे वळले, हे त्याचे उघड कारण होय.

टेनेसीचा संघ १९८० व १९८१ मध्ये महिला संघटनेच्या अंतिम सामन्यात, तर १९८४ मध्ये राष्ट्रीय संघटनेच्या अंतिम सामन्यात पराभूत झाला. अखेर १९८७ मध्ये लुइझिॲना टेकवर ६७–४४ असा विजय मिळवून त्याने पहिले अजिंक्यपद जिंकले. पुढील विजय १९८९, १९९१, १९९६, १९९७, १९९८, २००७ व २००८ मधील. समिट यांच्या पद्धतीचा भर कडक बचावावर आणि टोपलीवरून परतणारा चेंडू हस्तगत करण्यावर असे. चेंडू टोपलीत टाकण्याचे कसब एखाद्या दिवशी साथ देत नाही, बचाव मात्र रोज करता येतो, असे त्यामागील गणित होते. १९९७ चे अजिंक्यपद संघाने त्या हंगामात दहा सामने गमावूनही मिळविले. त्यापुढच्या वर्षी ३९ पैकी ३९ सामने जिंकले. या तीन लागोपाठच्या विजयांचा कणा होती शमीक होल्ड्सक्लॉ. तिने विद्यापीठीय कारकीर्दीत ३,०२५ गुण मिळविले. टमिका कॅचिंग्ज, सेमीका रँडल व नंतरच्या काळातील कँडेस पार्कर याही अग्रगण्य खेळाडू होत.

कनेटिकट विद्यापीठाच्या संघाशी असलेली चुरस जानेवारी १९९५ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी अंतिम सामन्यात कनेटिकटने टेनेसीस ७०–६४ असे हरविले. या दोन संघांच्या सामन्यांनी महिलांच्या खेळास देशभर दूरचित्रवाणीचा प्रेक्षक मिळवून दिला. जानेवारी २००६ मध्ये नॉक्सव्हिलच्या टॉम्सन–बोलिंग प्रेक्षागारात या सामन्यास २४ हजारांहून अधिक लोक उपस्थित होते. दोन्ही प्रशिक्षकांतील बेबनावामुळे २००७ नंतर हे नियमित सामने टेनेसीने थांबविले. ते २०२० मध्ये पुन्हा सुरू झाले; मधल्या काळात नुकसान झाले ते प्रेक्षकांचे.

जुन्या अध्यापिकांना वाटणारी अभ्यासाची काळजी समिट यांनी आपल्या परीने जपली. खेळाडूने वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावे व तास चुकविल्यास सामन्यास मुकावे, असा दंडक होता. चार वर्षांची खेळण्याची मुदत त्यांच्या हाताखाली पूर्ण करणारी प्रत्येक खेळाडू पदवीधर झाली. अडतीस हंगामांत संघाने १,०९८ सामने जिंकले व २०८ गमावले. २००६ मध्ये झालेल्या करारान्वये समिट यांचे वार्षिक वेतन दहा लाख डॉलरवर गेले. महाविद्यालयीन महिला संघाच्या प्रशिक्षकास एवढे वेतन त्यापूर्वी मिळाले नव्हते.

ऑगस्ट २०११ मध्ये समिट यांनी आपणास अकाली अल्झायमर विकार जडल्याचे जाहीर केले. एक हंगाम त्यांनी सहायकांच्या मदतीने पार पाडला आणि एप्रिल २०१२ मध्ये त्या पदावरून दूर झाल्या. २८ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. २०१२ मध्येच क्रोनन यांचा संचालिकापदाचा काळ संपला आणि महिलांचा स्वतंत्र विभाग पुरुषांच्या विभागात विलीन करण्यात आला. खर्चाची बचत हे कारण सयुक्तिक होते. पण स्त्रियांच्या खेळाचा कारभार स्त्रियांकडे ठेवणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी एक त्यामुळे नाहीशी झाली. २०१५ मध्ये बास्केटबॉल सोडून अन्य महिला संघांच्या नावातील ‘लेडी’ हा शब्द वगळण्यात आला. या शब्दात जुन्या काळचे दुय्यमत्व आहे, असे काहींचे मत होते. माजी खेळाडूंना मात्र तो स्वकष्टार्जित नाव वाटे. त्यांनी नेटाने विरोध केल्यावर २०१७ मध्ये तो पुन्हा वापरात आला.

समिट यांच्यानंतर होली वॉर्लिक (२०१२–१९) व केली हार्पर (२०१९–२४) या संघाच्याच माजी खेळाडू प्रशिक्षिका झाल्या. २०२४ मध्ये किम कॉल्डवेल यांची नियुक्ती झाली. त्या या संघातून कधी खेळलेल्या नव्हत्या. २००८ नंतर २०२५ पर्यंत संघास राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचता आले नाही. तथापि १९८२ ते २०२५ या काळात झालेल्या प्रत्येक राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेला हा एकमेव संघ होय. महिला बास्केटबॉलमधील मान्यवरांचे संग्रहालय १९९९ मध्ये नॉक्सव्हिल येथेच उघडण्यात आले.