धरलेला खांदा : हिसका नको, नेम हवा

वेणी घालायला हात मागे जात नाही, फळीवरचा डबा काढताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. वरून सूज दिसत नाही, म्हणून घरच्यांना तो कामचुकारपणा वाटतो. पण खांदा धरणे हे खरे दुखणे आहे. चाळिशी ते साठीत, पुरुषांपेक्षा बायकांत ते अधिक आढळते; मधुमेह असेल तर जास्तच.

खांद्याच्या सांध्याभोवती पिशवीसारखे पातळ वेष्टन असते. ते सुजून जाड व आखूड झाले, की हात अडतो. हात गळ्यात बांधून ठेवला तर वेष्टन आणखी आखडते. कुणाकडून हिसका देऊन घेतला तर इजा होते. मग करावे काय?

पतंजलींच्या योगसूत्रांत आसन स्थिर आणि सुखाचे असावे, असे सांगितले आहे. अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने करावा, असेही सांगितले आहे. यमांमध्ये अहिंसा पहिली आहे; ती स्वतःच्या शरीराशीही पाळावी. धरलेल्या खांद्याला हाच उपाय लागू पडतो.

आधी दहा मिनिटे सोसवेल असा शेक घ्या. मग दिवसातून दोनदा पुढील व्यायाम करा.

झोका : चांगला हात ओट्यावर टेकवून कमरेत वाका. दुखरा हात विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सैल सोडा. पुढे-मागे, आडवा आणि गोल, प्रत्येकी दहा वेळा हलवा.

भिंत : भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढा. ताण लागेल तिथे पाच श्वास थांबा, सावकाश खाली या. खडूने खूण करा. आठवड्याने खूण किती वर सरकली ते पाहा.

काठी : उताणे झोपून काठी दोन्ही हातांत आडवी धरा. चांगल्या हाताच्या बळाने ती डोक्याकडे न्या. असे दहा वेळा करा.

ताण जाणवावा, पण कळ येऊ नये. रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी कमी करा. हे दुखणे सुटायला वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहून अधिकही लागतात; पंधरा दिवसांत कंटाळू नका. तोवर डोक्यावरचा भारा, पाण्याचा हंडा आणि पाठीवरचा फवारणीचा पंप घरातल्या दुसऱ्याने उचलावा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात खांदा दाखवा, रक्तातील साखरही तपासून घ्या. पडल्यानंतर हात उचलेनासा झाला, किंवा ताप येऊन सांधा सुजला, तर व्यायाम न करता डॉक्टरांकडे जा. खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण आणि घाम असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. क्षणही न दवडता दवाखाना गाठा.

बाकी खांद्याला रोज थोडे हलवा. पिकाला पाणी पाळीने देता ना? तसेच हे आहे.