स्टोमाभोवतीची त्वचा आणि निरपेक्ष सल्ला

वार्षिकांकात कविता आणि सहलीची वर्णने यांच्या शेजारी शौचमार्गावरील लेख पाहून काही वाचक नाक मुरडतील. मुरडोत बापडे! माझ्या मामांच्या पोटावर स्टोमा आहे, आणि त्यांच्यामुळे मला जे समजले ते इतरांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

कर्करोग, गंभीर इजा किंवा आतड्याला पीळ पडणे अशा कारणांनी शस्त्रक्रिया करून आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा तो कोलोस्टोमी, लहान आतड्याचा आयलिओस्टोमी. स्टोमा लाल, ओलसर असतो आणि त्याला हात लावला तरी दुखत नाही. मळ साठविण्यासाठी त्याच्याभोवती चिकट चकती व तिला पिशवी लावतात. ही चकती ज्या त्वचेवर बसते ती मात्र तुमच्याआमच्यासारखीच नाजूक. ती सोलवटली की चकती चिकटत नाही. चकती सुटली की मळ झिरपतो. आणि झिरपला की कातडी आणखी सोलवटते. लहान आतड्यातील पाचकरस तर कातडीच पचवू लागतात! ‘एवढी आग व्हायचीच’ असे पुष्कळ लोक सांगतात, ते खरे नव्हे. स्टोमाभोवतीची त्वचा पोटाच्या दुसऱ्या बाजूच्या त्वचेसारखीच दिसली पाहिजे.

आता प्रश्न येतो सल्ल्याचा. मामांची कातडी लाल झाली तेव्हा सामान विकणाऱ्याने आधी महागडी पिशवी सुचविली, मग पेस्ट, मग पट्टा. त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पण ज्याचे पोट विक्रीवर चालते त्याला प्रत्येक दुखण्यावर विकत घेण्याचाच उपाय सुचणार. कंपन्यांच्या मदतवाहिनीवरील परिचारिका जाणकार असू शकतात, तरी त्यांचा पगार कोण देतो हे विसरू नये. शेवटी नागपूरच्या एका परिचारिकेने काहीही न विकता मामांना उभे केले, बसविले, वाकविले. पोटाला घडी कुठे पडते ते पाहिले आणि काढलेली चकती उलटी करून धरली. चकतीची मागची बाजू एका ठिकाणी विरघळली होती. शस्त्रक्रियेनंतरच्या सहा ते आठ आठवड्यांत सूज उतरून स्टोमा आक्रसतो. मामा मात्र जुन्याच मापाचे भोक कापत होते! भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे हवे. नवे माप घेतले आणि पिशवी तीच राहिली. त्वचा काही दिवसांत सुधारली.

सगळीच लाली अशी नसते. नेमकी चकतीच्या आकाराची, खाज सुटणारी लाली चिकटद्रव्य न सोसल्याची असू शकते. कडेला सुटे सुटे बारीक लाल पुरळ बुरशी सुचविते. तिला औषध लागते. चकती ओढून काढल्याने झालेली जखम निराळीच. हळद, खोबरेल तेल हे आपले घरगुती उपाय येथे घातक, कारण तेलकट कातडीवर चकती टिकत नाही. कोमट पाणी, मऊ फडके आणि नीट कोरडी केलेली त्वचा पुरे. पिशवी एकतृतीयांश भरताच रिकामी करावी. आपल्या गोंदियाच्या मे महिन्यात घामाने चकती लवकर सुटते, आणि धानाच्या रोवणीत दिवसभर वाकणाऱ्याची तर हमखास. अशा वेळी ती नेहमीपेक्षा लवकर बदलावी. स्टोमा काळा-निळा पडला, रक्त थांबेना किंवा उलट्यांसह मळ येणे बंद झाले, तर मात्र तडक रुग्णालय गाठावे.

जाता जाता एक गमतीची गोष्ट. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी १९५०च्या दशकात ही त्वचा वाचविण्यासाठी कराया डिंक वापरात आणला. हा डिंक कांडोळाचा. पांढऱ्या सालीमुळे लोक ज्याला भुताचे झाड म्हणतात तोच, मध्य भारतातील रानांतला! याच टर्नबुल यांनी १९५८ मध्ये नॉर्मा गिल या स्वतः आयलिओस्टोमी झालेल्या बाईंना रुग्णांच्या मदतीसाठी नेमले आणि स्टोमा-परिचर्या हा व्यवसाय जन्मला. ज्याचे जळते त्याला कळते, हे त्यांनी ओळखले होते.

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे, आणि ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९७५ पासून स्टोमाधारकांसाठी काम करते. मुंबई दूर असेल तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातच ‘स्टोमाचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका येथे आहे का?’ असे विचारावे. गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथील शल्यविभागातही चौकशी करता येते. कुठेही गेले तरी त्वचा उघडी करून न पाहताच जो वस्तूचे नाव सांगतो त्याचे ऐकून घ्यावे, खरेदी मात्र लांबवावी. आणि जाताना काढलेली चकती धुऊन न टाकता तशीच कागदात गुंडाळून सोबत न्यावी. मळ कोणत्या बाजूने झिरपतो ते तिच्यावर दिसते.